नशीब, योगायोग आणि धम्म
(धम्म-अभ्यास पाठ)

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. एके रात्री कर्माविषयीचे प्रकरण वाचून झाले. वाचनाची पाळी माझी होती. शिक्षकाच्या सवयीने मी शेवटी सार सांगितले की, नशीब म्हणून काही नसते, कपाळावर काही लिहिलेले नसते, माणूस स्वतःच आपल्या जीवनाचा शिल्पकार आहे. सर्वांनी माना डोलावल्या. एवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेली एक आई म्हणाली, "गुर्जी, तुम्ही म्हंता नशीब नसतं. मंग माझंच लेकरू का गेलं?"

त्या आईचा तरुण मुलगा रात्री उसाला पाणी धरायला गेला असता साप चावून वारला होता. दिवस घालायला आलेला प्रत्येक जण, 'त्याच्या नशिबात तेवढेच आयुष्य होते' असे म्हणून गेला होता. त्या एका वाक्याचा तिला आधार होता. मी तो आधार काढून घेतला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही. माणूसच आपल्या जीवनाचा शिल्पकार असेल तर तिचा मुलगा स्वतःच्या चुकीने मेला काय? मला उत्तर देता आले नाही. सरणत्तयं होऊन सभा संपली.

पुढचे काही महिने मी या विषयावर मिळेल ते वाचले. हा प्रश्न फार जुना आहे असे दिसून आले. भगवान बुद्धांच्या काळी भारतात आणि त्यानंतरच्या दोनशे वर्षांत ग्रीस देशात विचारवंतांनी त्याचा कसून विचार केला आहे. तो विचार थोडक्यात समजून घेणे, त्याची धम्माशी तुलना करणे आणि त्या आईला काय उत्तर द्यायला हवे होते ते ठरवणे, हा या पाठाचा हेतू आहे.

१. सटवाई आणि मोइराई

आपल्याकडे मूल जन्मल्यावर पाचवी पूजतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे भविष्य लिहून जाते, अशी समजूत आहे. काही घरांत त्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. एखाद्याला कायमचे दारिद्र्य असले की ते त्याच्या 'पाचवीलाच पूजलेले' आहे असे आपण म्हणतो. धर्मांतर होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या काही घरांत पाचवी चुकत नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली सटवाईची पूजा, असे दृश्य मी स्वतः पाहिले आहे.

ग्रीक लोकांच्याही अशा देवता होत्या. त्यांना 'मोइराई' म्हणत. या तीन बहिणी. पहिली माणसाच्या आयुष्याचा धागा कातते, दुसरी तो मोजते आणि तिसरी कापते. त्यांच्यापुढे देवांचेही फारसे चालत नसे. याशिवाय 'त्यूखे' नावाची निराळी देवता होती. ती दैवयोगाची, नशिबाची देवता. मोइराईने ठरवलेले टळत नाही, तर त्यूखे आज देईल आणि उद्या काढून घेईल. पुढे राज्ये कोसळू लागली, युद्धे वाढली, तेव्हा गावोगावी त्यूखेची पूजा बोकाळली. माणसाला स्वतःच्या जीवनावर आपला ताबा नाही असे वाटू लागले की नशिबाची देवळे उभी राहतात. हे ग्रीसमध्ये खरे होते आणि आपल्याकडेही खरे आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. 'सगळे आधीच ठरलेले आहे' ही एक कल्पना. तिला नियती म्हणावे. 'काहीच ठरलेले नाही, सगळे अकस्मात घडते' ही दुसरी कल्पना. तिला यदृच्छा किंवा निव्वळ योगायोग म्हणावे. आपण 'नशीब' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतो आणि त्यामुळे घोटाळा होतो.

२. ग्रीक विचारवंत काय म्हणाले?

डेमॉक्रिटस हा इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला तत्त्वज्ञ. सारे जग अणूंचे बनलेले असून जे घडते ते कारणाने आणि अपरिहार्यपणे घडते, असे त्याचे मत होते. नशिबाबद्दल तो परखड होता. स्वतःचा अविचार झाकण्यासाठी माणसांनी नशिबाची मूर्ती घडवली, अशा आशयाचे त्याचे वचन प्रसिद्ध आहे. आपल्याकडे शेतकरी बियाण्याची पिशवी न तपासता पेरतो आणि न उगवल्यावर कपाळावर हात मारतो, तेव्हा डेमॉक्रिटसची आठवण होते.

ॲरिस्टॉटलने (इ. स. पूर्व ३८४ ते ३२२) मात्र योगायोग झटकून टाकला नाही. 'भौतिकी' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने त्याचा व्यवस्थित विचार केला आहे. त्याचे उदाहरण आपल्या बाजारच्या दिवसासारखे आहे. एक माणूस काही कामासाठी बाजारात जातो. तेथे त्याला ज्याच्याकडून पैसे येणे आहेत तोच माणूस भेटतो आणि पैसे वसूल होतात. तो वसुलीसाठी गेला नव्हता, परंतु ठाऊक असते तर त्यासाठीच गेला असता. याला ॲरिस्टॉटल योगायोग म्हणतो. येथे कारण नाही असे नाही. एकाच्या जाण्याला कारण होते, दुसऱ्याच्या येण्यालाही होते. दोन्ही कारणांची गाठ पडावी असे मात्र कोणी योजले नव्हते. म्हणजे योगायोग ही देवता नाही, शक्ती नाही. आपापल्या कारणांनी घडणाऱ्या दोन गोष्टींची न योजलेली गाठ म्हणजे योगायोग. त्याने आणखी एक फरक केला. दगड गडगडत येऊन कोणाला लागला तर ते केवळ 'आपोआप घडणे'. 'त्यूखे' हा शब्द, ज्याला हेतू धरता येतो आणि निवड करता येते त्याच्याच बाबतीत वापरावा.

एवढा सूक्ष्म विचार करणारा हा पंडित एका ठिकाणी मात्र घसरला, आणि ते आपण विसरता कामा नये. 'राजनीती' या ग्रंथात त्याने सांगितले की काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात. युद्धात पकडलेला मनुष्य गुलाम होतो, ती गोष्ट नुसत्या प्रसंगाने घडते, हे त्याला दिसत होते. गुलामगिरी निसर्गाने नव्हे, माणसाच्या कायद्याने निर्माण केली, असे म्हणणारे लोक त्या काळी होते. त्यांचे मत त्याने नोंदवलेही आहे. तरीसुद्धा त्याने व्यवस्थेवर निसर्गाचा शिक्का मारला. आपल्याकडे चातुर्वर्ण्याच्या पुरस्कर्त्यांनी हेच केले, फक्त निसर्गाच्या जागी पूर्वजन्म आणला. जन्म ही कोणाच्याही हातची गोष्ट नाही. पण जन्मावरून एकाला पाणी आणि दुसऱ्याला बंदी, हा नियम माणसांनी केला. योगायोगाला नियतीचे सोंग देणे ही सत्ताधाऱ्यांची जगभरची युक्ती आहे.

स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ नियतिवादी होते. त्यांच्यावर विरोधकांनी एक आक्षेप घेतला. त्याला 'आळशाचा युक्तिवाद' म्हणतात. तो असा: तुम्ही बरे व्हायचे असे ठरलेले असेल तर वैद्य बोलावला काय आणि न बोलावला काय, तुम्ही बरे होणारच. मरायचे ठरलेले असेल तर वैद्य काय करणार? मग वैद्य बोलावताच कशाला? क्रिसिपस या स्टोइकाने उत्तर दिले की, बरे होणे ठरलेले असेल तर वैद्य बोलावणेही त्याच्याबरोबरच ठरलेले असते. उत्तर चतुर आहे. परंतु आपल्या गावात तापाने फणफणलेल्या पोराजवळ बसून 'असेल नशिबात तर होईल बरा' असे म्हणणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तो आळशाच्या युक्तिवादातच अडकून पडतो.

एपिक्युरस (इ. स. पूर्व ३४१ ते २७०) हा आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा असा तत्त्वज्ञ आहे. अथेन्समधील त्याच्या बागेत शाळा भरे आणि तिच्यात स्त्रियांना व गुलामांनाही प्रवेश होता. भगवंतांच्या संघाची येथे सहजच आठवण होते. आपल्या एका शिष्याला लिहिलेल्या पत्रात त्याने जगातील घटनांची तीन वाटण्यांत विभागणी केली. काही गोष्टी अपरिहार्यपणे घडतात, काही योगायोगाने घडतात आणि काही आपल्या हातून घडतात. अपरिहार्यतेला जाब विचारता येत नाही आणि योगायोग चंचल असतो. जे आपल्या हातून घडते त्यालाच कोणी मालक नाही, आणि निंदा-स्तुती त्याचीच होऊ शकते. योगायोगाला त्याने देव मानले नाही. योगायोग सुख किंवा दुःख हातात देत नाही, तो फक्त सुरुवातीची सामग्री पुरवतो, असे त्याचे म्हणणे.

मात्र माणसाचे स्वातंत्र्य सिद्ध करण्यासाठी एपिक्युरसच्या पंथाने असे मानले की अणू मधूनच, कोणत्याही कारणाशिवाय, आपल्या वाटेवरून किंचित ढळतात. लुक्रेशियस या रोमन कवीने हा सिद्धांत पुढे मांडला. हे आपल्याला मान्य करता येत नाही. का, ते धम्माकडे वळल्यावर कळेल.

३. तथागतांचा मध्यम मार्ग

भगवान बुद्धांच्या काळी मक्खली गोसाल नावाचा आचार्य होता. आजीवक पंथाचा तो प्रमुख. प्राण्याच्या शुद्धीला कारण नाही, अशुद्धीलाही नाही, पुरुषार्थ म्हणून काही नाही, सर्व नियतीने ठरते, असे तो सांगे. सुताचा गुंडा फेकला की तो सूत संपेपर्यंत उलगडत जातो. तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या करूनच दुःखातून सुटतात, हा त्याचा दृष्टांत 'सामञ्ञफल सुत्ता'त आला आहे. ग्रीकांच्या मोइराईचा धागा आणि मक्खलीचा गुंडा, दोन्ही एकाच जातीचे.

अंगुत्तर निकायातील तिक निपातात तथागतांनी तीन मते तपासली आहेत. पहिले मत: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे. दुसरे: ते सर्व ईश्वराच्या निर्मितीमुळे. तिसरे: ते सर्व कारणाशिवाय, अकस्मात. तथागतांनी या तिन्ही मतवाद्यांना एकच प्रश्न विचारला. असे असेल तर खून करणारा, चोरी करणारा, खोटे बोलणारा हाही पूर्वकर्मामुळे, ईश्वरामुळे किंवा अकस्मात तसा झाला म्हणायचे काय? मग हे करावे आणि हे करू नये असे म्हणायला, प्रयत्न करायला जागाच कोठे उरली?

या प्रश्नाची ताकद वाचकांनी ध्यानात घ्यावी. नियती आणि यदृच्छा या एकमेकींच्या शत्रू दिसतात. परंतु माणसाला हात बांधून बसवण्याच्या कामी दोघी सारख्याच. म्हणूनच एपिक्युरसचे विनाकारण ढळणारे अणू आपल्याला चालत नाहीत. माझे मन कारणाशिवाय ढळले तर त्यात माझा पुरुषार्थ तो काय? तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. प्रत्येक गोष्ट अनेक कारणांच्या आधाराने उत्पन्न होते आणि माणसाचा संकल्प, त्याची चेतना, हेही त्या कारणांपैकी एक असते. कारणे आहेत म्हणून जग समजते. आपला संकल्पही कारण आहे म्हणून जग बदलता येते.

संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो की सर्व वेदना पूर्वकर्मामुळे होतात हे खरे काय. भगवंत आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतूचा बदल, शरीराची विषम निगा, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्माचे फळ. आठांपैकी एकच कारण कर्म. बाकीची सात वैद्याला, शेजाऱ्याला, गावाला समजण्यासारखी आहेत. सर्व काही कर्मानेच होते असे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवापलीकडे आणि जग ज्याला सत्य मानते त्यापलीकडे धावतात, असा भगवंतांचा अभिप्राय आहे.

येथे ग्रीक आणि धम्म यांची प्रत्यक्ष गाठ पडल्याचेही सांगितले पाहिजे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर म्हणजे मिलिंद. त्याचे आणि भदंत नागसेनांचे प्रश्नोत्तर 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहेत. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याच राजाचे नाव दिले. आपल्या पुणे जिल्ह्यातही यवनांच्या खुणा आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने कोरलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांच्या दानांचे लेख आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. त्यूखेला पुजणाऱ्या लोकांपैकी काही जण सह्याद्रीत येऊन संघासाठी पाण्याची सोय करून गेले, हे विसरण्यासारखे नाही.

त्याच मिलिंदपञ्हात राजा विचारतो की माणसे सारखी का नसतात, कोणी अल्पायुषी तर कोणी दीर्घायुषी, कोणी गरीब तर कोणी श्रीमंत का? नागसेन उत्तर देतात की कर्माच्या भिन्नतेमुळे. हे उत्तर वाचून मी थबकलो. आपल्या वाडवडिलांना हेच तर ऐकवले गेले होते. परंतु त्याच ग्रंथात दुसऱ्या एका प्रश्नाच्या वेळी नागसेन सीवकाला सांगितलेली आठ कारणे पुढे करतात आणि सर्व वेदना कर्मामुळेच होतात हे मत नाकारतात. आपण कोणते घ्यावे? बाबासाहेबांनी कसोटी दिली आहे. जे बुद्धीला व तर्काला धरून आहे, जे माणसाच्या कल्याणाचे आहे, ते बुद्धाचे मानावे. या कसोटीला दुसरे उत्तर उतरते. पहिले आहे तसे स्वीकारले तर उतरत नाही.

४. बाबासाहेब: जन्म योगायोग, धर्म निवड

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात पूर्वजन्माच्या कर्माच्या सिद्धांताची चिकित्सा केली आहे. माणसाची गरिबी आणि हीन अवस्था त्याच्या मागील जन्मातील पापामुळे आहे असे एकदा मानले की राज्य आणि समाज यांची जबाबदारीच संपते. असा सिद्धांत महाकारुणिक बुद्धाचा असूच शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी जी घोषणा केली तिच्याकडे या दृष्टीने पाहावे. अस्पृश्य हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून न मरणे आपल्या हाती आहे, असा तिचा आशय. एपिक्युरसने केलेली विभागणी येथे पांडित्याच्या पानावरून उठून लाखो माणसांच्या जीवनात आली. जे हाती नव्हते त्याबद्दल बाबासाहेबांनी कपाळ बडवले नाही. जे हाती होते ते सोडलेही नाही. त्यानंतर २१ वर्षे अभ्यास करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. धर्मांतर म्हणजे सटवाईच्या हातातली लेखणी काढून घेणे होय.

मग बाबासाहेबांच्या जीवनात योगायोग नव्हता काय? होता. विद्यार्थिदशेत भीमराव मुंबईतील चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजीही तेथे येत. दोघांची ओळख झाली. पुढे भीमरावांच्या सत्काराच्या वेळी केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. सयाजीराव गायकवाड महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळण्यातही गुरुजींनी साहाय्य केले. ॲरिस्टॉटलच्या बाजारातली गाठ आणि चर्नी रोडच्या बागेतली गाठ यांत फरक नाही. मुलगा गुरु शोधायला गेला नव्हता आणि गुरुजी शिष्य शोधायला गेले नव्हते.

परंतु नुसता योगायोग म्हणून थांबू नये. मुलगा बागेत पत्ते खेळत नव्हता, वाचत होता. सुभेदार रामजींनी त्याला शाळेत घातले होते. गुरुजींनी कष्टाने मराठीत बुद्धचरित्र लिहून ठेवले होते. बाग सर्वांना खुली होती. यांतील एक जरी गोष्ट नसती तर दोघे एकमेकांजवळून निघून गेले असते. त्याच सुमारास खेड्यापाड्यांत शाळेचे तोंडही न पाहिलेली आपली किती मुले गुरे राखत होती! त्यांच्यात बुद्धीची वाण होती असे कोण म्हणेल? त्यांच्या वाटेत बागच नव्हती.

मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. गावात म्हणतात, 'मास्तर नशीबवान.' मी हिशेब मांडून पाहिला. आईची रोजंदारी, वसतिगृहातली जागा, शिष्यवृत्ती, राखीव जागा, आणि फीची मुदत संपताना आठवण करून देणारे एक शिक्षक. त्या शिक्षकांची भेट योगायोगाची. बाकीचे सर्व कोणीतरी झगडून निर्माण केलेले. त्याला नशीब म्हणणे हा त्या झगडणाऱ्यांचा उपमर्द आहे.

५. कालवा आणि चिठ्ठी

आपल्या बारामती-इंदापूर भागातली दोन उदाहरणे घेऊ.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. ज्याची जमीन कालव्याच्या खालच्या अंगाला आली तो बागायतदार झाला, वरच्या अंगाला राहिली तो जिरायतीत अडकला. लोक म्हणतात, ज्याचे त्याचे नशीब. परंतु पाणी उताराने वाहते आणि उतार मोजून इंजिनिअरांनी रेषा आखली. जमीन त्या रेषेच्या कोणत्या बाजूला असावी हे जमीनमालकाने केले नव्हते, हा त्याच्या दृष्टीने योगायोग. त्या योगायोगाचे पिढ्यान्पिढ्यांचे अंतर होऊ द्यायचे की वरच्या अंगालाही पाणी उचलून द्यायचे, ही मात्र माणसांनी ठरवण्याची गोष्ट. आणि ज्याच्याजवळ जमीनच नाही त्याला वरचा अंग काय आणि खालचा काय? तो दोन्हीकडे मजूरच. त्याचे भूमिहीन असणे कोणत्याही उताराने ठरलेले नाही.

दुसरे उदाहरण चिठ्ठीचे. प्राचीन अथेन्समध्ये पाचशे जणांचे मंडळ आणि बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडत. श्रीमंताला आणि गरीब नागरिकाला सारखी संधी मिळावी हा हेतू. ज्या त्यूखेला लोक घाबरत, तिलाच त्यांनी समतेच्या कामाला जुंपले. अर्थात स्त्रिया आणि गुलाम यांची चिठ्ठी त्या भांड्यात नव्हतीच. आज आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते. लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतात आणि एखाद्या गावाचे सरपंचपद अनुसूचित जातीला किंवा स्त्रीला जाते. लोक म्हणतात, 'त्यांचे नशीब उघडले.' नाही. कोणत्या गावाची चिठ्ठी निघावी एवढाच योगायोग. त्या भांड्यात आपली चिठ्ठी असावी, हे संविधानाने आणि १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ठरवले. प्रश्न चिठ्ठी कोणाची निघाली हा नसतो, भांड्यात कोणाकोणाची टाकली हा असतो.

६. त्या आईला उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलगा का गेला?

त्याच्या वाटेत त्या रात्री साप येणे, हा योगायोग. साप उंदरामागे बांधावर आला, मुलगा पाणी वळवायला बांधावर गेला. दोघांनाही आपापले कारण होते. साप कोणाचा सूड घ्यायला आला नव्हता आणि त्याला कोणी पाठवले नव्हते. कोणत्याही मागील जन्माचा हिशेब त्यात नव्हता.

परंतु शेतीची वीज रात्रीच्या पाळीला येत असल्यामुळे त्याला अंधारात जावे लागले, ही व्यवस्था. दुसऱ्याच्या उसात मजुरीने जाणाऱ्याच्या पायांत बूट नव्हते आणि हातात चांगली बॅटरी नव्हती, हीही व्यवस्था. चावल्यावर पहिले दोन तास देवऋषाकडे गेले, हे अज्ञान. ते एकट्या त्या घराचे नव्हे, साऱ्या गावाचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर लस आहे आणि ती दवाखान्यातच मिळते. जखम कापू नये, आवळून बांधू नये, माणसाला चालवू नये, थेट दवाखाना गाठावा. हे मी, गावातला शिक्षक, कितीदा सांगितले होते? एकदाही नाही. या मृत्यूतला माझा वाटा मला तेव्हा दिसला.

'नशिबात होते' या दोन शब्दांनी हे सारे वाटे पुसले जातात. कोणालाच काही करावे लागत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या आईचा मुलगा त्याच बांधावर तसाच अनवाणी जातो.

पण 'माणूसच आपला शिल्पकार' हे अर्धे वाक्य सांगून मी जे केले तेही धम्माला धरून नव्हते. त्याचा अर्थ त्या आईने, दोष माझ्याच मुलाचा, असा घेतला. किसा गोतमी मेलेले मूल घेऊन आली तेव्हा तथागतांनी तिला तुझे पूर्वकर्म असे म्हटले नाही, तुझी चूक असेही म्हटले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तेथून मोहरी आणायला सांगितले. दुःख तिच्या एकटीचे नाही, हे तिला घरोघर फिरून कळले. प्रज्ञा आधी आणि करुणा नंतर असा धम्मात क्रम नाही. दोन्ही बरोबर चालतात.

काही दिवसांनी मी त्या आईच्या घरी गेलो. म्हणालो, "आई, साप आला हे कोणाच्याच हातात नव्हतं. तुमच्या हातूनही काही चुकलं नाही. पण बाकीचं आमच्या साऱ्यांच्या हातात होतं, आणि आम्ही ते केलं नाही." ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग आता तरी करा."

यंदाच्या वर्षावासात पाचव्या रविवारी आमच्या विहारात ग्रंथवाचनानंतर सर्पदंशावरील उपचारांची माहिती सांगितली गेली. रात्रीच्या पाळीला जाणाऱ्यांसाठी विहाराच्या वर्गणीतून गमबूट आणि बॅटऱ्या घेतल्या. पहिली वर्गणी त्या आईने दिली.

सारांश

नियती नाही. निष्कारण असेही काही नाही. योगायोग आहे, परंतु तो देव नाही, म्हणून त्याला नवस नको आणि भीतीही नको. कोणतेही दुःख समोर आले की तीन प्रश्न विचारावेत: यातले कोणाच्याच हातात नव्हते ते कोणते? माझ्या हातात होते ते कोणते? आणि माणसांनी तयार केलेल्या व्यवस्थेचे ते कोणते? पहिल्यासाठी धीर धरावा, दुसऱ्यासाठी शील पाळावे, तिसऱ्यासाठी संघटना करावी.

अभ्यासासाठी प्रश्न
१. नियती आणि योगायोग यांत फरक कोणता? तुमच्या घरातील एक उदाहरण द्या.
२. तथागतांनी तपासलेली तीन मते सांगून त्यांवरील आक्षेप स्पष्ट करा.
३. ॲरिस्टॉटलचा गुलामांविषयीचा विचार आणि चातुर्वर्ण्य यांत साम्य कोणते?
४. तुमच्या गावात 'नशीब' म्हणून सोडून दिलेली एक गोष्ट शोधा. वरील तीन प्रश्न लावून तिच्यावर विहारात चर्चा करा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.

— एक शिक्षक, पिंपळी (ता. बारामती, जि. पुणे)